तिला केळं चालत नाही

केळं तिच्या हातातून काढून घेतलं गेलं तेव्हा ते अर्धं सोललेलं होतं. टायपिस्ट बाईंनी ते अगदी अलगद घेतलं, लहान मुलाच्या हातातून कात्री काढून घ्यावी तसं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "अहो, हे काय करताय? तुम्हाला केळं चालत नाही ना!" विज्ञान महाविद्यालयाच्या काचशाळेत त्या दुपारी स्टोअरकीपरचा निरोपसमारंभ होता. लांब टेबलावर जुने कागद अंथरून फळं आणि बिस्किटं मांडली होती, खिडकीतून कोपऱ्यातल्या काचेच्या नळ्यांच्या ढिगावर ऊन पडलं होतं, कुणीतरी भाषण संपवून नुकतंच खाली बसलं होतं, आणि चाळिशी ओलांडलेली ती रिकामा हात तसाच हवेत धरून उभी होती. हात खाली घ्यायचा असतो हे जणू तो हात विसरला होता. "तुम्हाला कोणी सांगितलं?" तिने विचारलं. "तुमच्या आईंनीच," बाई म्हणाल्या. "फोन असतो ना त्यांचा अधूनमधून. म्हणतात, जरा लक्ष ठेवा, ती ऐकत नाही." कोणीतरी हसलं. वाईट हसणं नव्हतंच ते, माणसं खाताना हसतात तसं. पण तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. अधूनमधून म्हणजे किती वर्षं? ती इथे बर्नरपुढे बसून काच फुगवत असायची आणि पलीकडच्या खोलीत तिच्या तोंडात काय जातं त्याच्यावर पहारा असायचा. सगळ्यांना माहीत होतं. तिला माहीत नव्हतं.

तिने बाईंच्या हातातून केळं परत घेतलं. ओढलं म्हटलं तरी चालेल. उरलेलं साल काढलं आणि बाईंच्या डोळ्यांत बघत ते खाल्लं, सावकाश, एकेक घास चावून, जणू आजवर कधी केळं खाल्लंच नव्हतं. खरं तर नव्हतंच फारसं. केळ्याने कफ होतो. दह्याने छाती भरते. आंबट खाल्लं की खोकला, थंड प्यायलं की घरघर, पेरू खाल्ला की संपलंच. आईच्या घरात या गोष्टींना पुराव्याची गरज नव्हती, सूर्य उगवायला लागत नाही तशी. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. त्यांच्या घरात ताकच नव्हतं. होतं ते उकडलेलं, मऊ, फिकट, वर मीठ घातलेलं. चवीला मीठ तरी असू दे बिचारीला, असं आई म्हणायची, आणि बिचारी तो बटाटा खायची. केळं संपलं तेव्हा तिने दुसरं उचललं. भूक नव्हती. दुसरं केळं हे निव्वळ उत्तर होतं. "बघा बाई," टायपिस्ट म्हणाल्या, "मला काय, मी आपलं तुमच्या भल्यासाठी." ती आपल्या जागेवर गेली आणि खणातून आईने दिलेला जर्दाळूंचा पत्र्याचा डबा काढला. जर्दाळू चालायचे. तिला चालणारी जगातली एकमेव गोड गोष्ट तीच होती. रोज जेवणानंतर एक किंवा दोन, ताकदीसाठी. त्या दिवशी तिने रागारागात मूठ भरून खाल्ले, डबा जवळजवळ रिकामा होईपर्यंत, केशरी, चकचकीत, चिवट, आणि मग बर्नर पेटवला.

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेसाठी तीन तोंडांचा एक चंबू करायचा होता. दोन तोंडं बसली होती, तिसरं बसवायचं होतं. ती काच ज्योतीत धरून फिरवू लागली, दोन्ही हातांनी सारख्या गतीने, कारण हात थांबला की काच एका बाजूला लोंबते. रबरी नळीचं टोक ओठांत होतं. लोकांना वाटतं काच फुगवायला पैलवानाची छाती लागते. ज्या म्हाताऱ्या कारागिराने तिला हे काम शिकवलं तो पहिल्याच दिवशी म्हणाला होता, काचेला दटावायचं नसतं गं, विचारायचं असतं. विचारण्याइतकीच हवा सोडायची. तेव्हा ऑफिसात नुकतीच कारकुनीला लागलेली ती जेवणाच्या सुट्टीत काचशाळेच्या दारात उभी राहून बघायची, आणि एक दिवस तिने साहेबांना सांगून टाकलं की मला इथे यायचंय. आईने तेव्हा कपाळावर हात मारून घेतला होता. दमेकरी पोरगी आणि फुंकायची नोकरी! लोक काय म्हणतील, आईने पोरीची फुंकणी करून टाकली म्हणतील. काचशाळेत हे कळल्यावर तिचं नावच फुंकणीबाई पडलं, आणि तिने ते नाव पदकासारखं छातीवर लावलं. कारण त्या छातीबद्दल तिला एक गोष्ट कळली होती. जिला लहानपणापासून श्वास मोजूनमापून मिळाला तिला तो मोजूनमापून सोडता येतो. पळताना, जिने चढताना, भांडताना तो दगा द्यायचा. काचेपुढे कधी नाही. आणि आता तिसऱ्या तोंडाची काच पाकासारखी सैल होऊन लाल झाली होती, तिने फुंकर घालण्यासाठी श्वास घेतला, आणि श्वास आत गेला पण बाहेर आला नाही. छातीत कुणीतरी पिशवीची दोरी आवळली. एक बारीक शिट्टी वाजली, मग दुसरी, मग शिट्ट्यांचा एक गुंताच. हात थांबले. चंबू तिच्या डोळ्यांदेखत एका कुशीवर कलला, आत बसला आणि हवा गेलेल्या फुग्यासारखा सुरकुतला. तिने चाचपडत गॅस बंद केला, एप्रनच्या खिशातून दम्याचा पंप काढून तोंडात मारला, आणि खिडकीच्या चौकटीला दोन्ही हात लावून वाकून उभी राहिली. मागून खुर्च्या सरकल्याचा आवाज आला आणि त्यावरून टायपिस्ट बाईंचा. "केळं! मी म्हटलं नव्हतं? केळं!"

साहेब भला माणूस होता. काचशाळेचा प्रमुख, निवृत्तीला आलेला, बोलताना चष्मा काढून पुसणारा. तिचा श्वास जागेवर आल्यावर त्याने तिला आपल्या खोलीत बसवलं. "मी तुम्हाला काही शिकवणार नाही," तो म्हणाला, "पण इथे गॅस आहे, ऑक्सिजन आहे, उघडी ज्योत आहे. तुम्ही ज्योतीवर कोसळला असतात तर?" "कोसळले नाही," ती म्हणाली. "या वेळी नाही. स्टोअरकीपरची जागा रिकामी होतेयच. उद्यापासून तिकडे बसा." ती उठून उभी राहिली. अजून बोलताना वाक्य मधे तुटत होतं, म्हणून तिने ते लहान केलं. "मी काच करते, साहेब. काचा मोजत नाही." त्याने चष्मा पुसला. "मग डॉक्टरांकडे जा. हे कशाने होतं ते शोधा. कारण कळलं, त्याला आळा बसला, तर जागा तुमचीच आहे. तोवर नाही." ते वाजवी होतं, आणि म्हणूनच ते तिला जास्त लागलं. अन्याय झाला असता तर भांडता आलं असतं. घरी जाताना बसमध्ये तिला उभं राहावं लागलं आणि दर थांब्याला हिसका बसला की छातीत काहीतरी खाली-वर होई. केळ्यानेच झालं असेल का? पोटात दोन केळी होती आणि ती दोन्ही तिच्या विरुद्ध साक्ष देत होती. समजा आई खरी निघाली. समजा चाळीस-बेचाळीस वर्षं आई खरीच होती आणि आपण नुसतीच नाकाने कांदे सोलत होतो. हा विचार छातीतल्या आवळण्यापेक्षा वाईट होता. दमा तिला माहीत होता. शरण जाणं माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यायचं नव्हतं.

आई दारातच खुर्ची टाकून बसली होती. बातमी तिच्या आधी पोचली होती. "खाल्लंस ना?" आईने विचारलं. "खाल्लं." "किती?" "दोन." आईने डोळे मिटले. त्या डोळे मिटण्यात राग नव्हता, एक जुनं समाधान होतं, पावसाची भविष्यवाणी केलेल्या माणसाला पहिला थेंब पडल्यावर होतं तसं. मग ती उठली, दिवाणावर उशा रचल्या, लेकीला त्यांच्यावर रेलून बसवलं, पाठीवरून हात फिरवला, आणि शेजारी बसून तिच्या तोंडात एक जर्दाळू भरवला. हे इतकं जुनं होतं की तिने तोंड कधी उघडलं ते तिचं तिलाही कळलं नाही. लहानपणी दर आजारपणात हेच. बाहेर पोरं खेळत असायची, खिडकी बंद, अंगावर पांघरूण, आणि आई मांडीवर वाटी घेऊन एकेक जर्दाळू फाडून भरवायची, लहान लहान तुकडे करून, कानाच्या पाळीसारखे मऊ. खा गं, ताकद येईल. तेव्हा आईच्या बोटांनाही तो आंबटगोड वास यायचा. आई रागवायची नाही त्या दिवसांत. आजारी असण्याची एवढी एक मजा होती, आणि तिला वाटायचं, सुख सुख म्हणतात ते याच चवीचं असणार. ती चावत राहिली. पंपाने छाती बऱ्यापैकी मोकळी झाली होती, बसमधून उतरताना तर ती विसरलीच होती. आणि आता, दुसऱ्या जर्दाळूच्या मध्यावर, घशाच्या खाली कुठेतरी ती बारीक शिट्टी पुन्हा वाजली.

ती चावायची थांबली. घरात केळं नव्हतं. दही नव्हतं. काच नव्हती, धूर नव्हता, टायपिस्ट बाई नव्हती. तिने तोंडातला तुकडा बोटांनी बाहेर काढला आणि दिव्याकडे धरला. दातांच्या खुणा असलेला, ओला, निरागस केशरी. "काय झालं? खडा लागला?" आईने विचारलं. "काही नाही," ती म्हणाली, आणि तो तुकडा मुठीत धरून ठेवला. त्या मुठीत तिची सगळी वर्षं एकमेकांवर आपटू लागली. आजारपण आलं की जर्दाळू, जर्दाळू आले की आजारपण लांबलं. मग आणखी जर्दाळू. परीक्षेच्या दिवसांत ताकदीसाठी जर्दाळू, आणि परीक्षेच्या हॉलमध्ये ती धापा टाकत पेपर लिहिते आहे. मामाने बाहेरगावाहून मोठा पुडा पाठवला होता त्या वर्षी तिला दवाखान्यात ठेवलं होतं, आणि आई पुडा घेऊन दवाखान्यात. रोज दुपारनंतर छाती जड व्हायची. त्याला ती वय म्हणायची, थकवा म्हणायची, काचशाळेतली धूळ म्हणायची. सगळं म्हणून झालं होतं. एक गोष्ट सोडून. जी गोष्ट प्रेमाने तोंडात येते तिच्याकडे कोण बोट दाखवणार? आई पाठीवरून हात फिरवत होती, गोल गोल. तिला तो हात झटकून टाकावासा वाटला आणि तो थांबू नये असंही वाटलं. तिने पुन्हा पंप घेतला, आणि आईला ताकास तूर लागू दिली नाही.

स्टोअरमध्ये खोक्यांच्या भिंती होत्या आणि एक टेबल होतं. दुपारी तिने कोपऱ्यावरच्या दुकानातून दोन केळी आणली, टेबलावर ठेवली आणि त्यांच्याकडे बघत बसली. बघ्याशिवाय हे करायला जास्त धैर्य लागतं असं तिला वाटलं. चारचौघांत माणूस हट्टाने काहीही गिळतो. इथे हट्ट कुणाला दाखवायचा? पंप उजव्या हाताशी ठेवला, केळं खाल्लं आणि वाट बघितली. छातीला कान लावून बसली म्हणा ना. बाहेर गाडा ढकलल्याचा आवाज, कुठेतरी नळ, आपलंच गिळणं. दुसरं खाल्लं. काही नाही. दुसऱ्या दिवशी दह्याचं भांडं आणलं, मग संत्रं, मग पेरू. पेरू तिने दोनदा उचलून खाली ठेवला, कारण पेरू म्हणजे आईच्या मते सरळ मरणच. पेरू खाऊन ती जिवंत राहिली, इतकंच नव्हे तर बिया दातांत अडकल्याचा तिला आनंद झाला. आईच्या डब्यातले जर्दाळू ती न खाता खोक्यामागे टाकत होती, आणि हळूहळू दुपारनंतरचा तो जडपणा येईनासा झाला. एका संध्याकाळी ती जिना चढून घराच्या दारात पोचली आणि कुलपाला किल्ली लावताना तिच्या लक्षात आलं की आपण मधल्या वळणावर थांबलोच नाही. त्या वळणावर ती इतकी वर्षं थांबत आली होती की शेजारणींना वाटे तिला तिथल्या खिडकीतून दिसणारं झाड आवडतं. तिला खूप राग आला. बरं वाटल्याचा असा राग येईल असं तिला वाटलं नव्हतं. मैदानावर न खेळलेले सगळे खेळ, न पळालेल्या सगळ्या शर्यती, वाढदिवसांना दुसऱ्यांच्या घरी हात मागे बांधून बघितलेली सगळी ताटं, सगळी एकदम जिन्यात उभी राहिली. आणि तरीही खात्री नव्हती. स्वतःच्या छातीचाही माणसाने किती भरवसा धरावा? उद्या थंडी पडेल, पुन्हा धाप लागेल आणि आई म्हणेल, बघ.

म्हणून ती छातीच्या दवाखान्यात गेली. तिथली डॉक्टर तिच्याहून बरीच लहान होती, आणि तिने सगळं ऐकून घेतलं, मधे न बोलता, जे तिच्या बाबतीत सहसा कुणी करत नसे. "घरी मुद्दाम जर्दाळू खाऊन बघू नका हं," डॉक्टर म्हणाली. "बघायचंच तर इथे बघू, इंजेक्शन आणि वाफ हाताशी ठेवून. ते केशरी जर्दाळू असतात ना, त्यांचा रंग टिकावा म्हणून गंधकाची धुरी देतात. दमा असलेल्या काही जणांची श्वासनळी त्याने आवळते. सगळ्यांची नाही. तुमची आवळते का ते कळेल." ठरल्या दिवशी तिला एका यंत्रापुढे बसवलं, नाकाला चिमटा, तोंडात नळी. यंत्रावरचा माणूस तिच्या कानाशी ओरडला, "घ्या, घ्या, पूर्ण घ्या, आता फुंका! फुंका, फुंका, जोरात, अजून, अजून, सोडू नका!" तिने नेहमीच्या सवयीने सावकाश, विचारल्यासारखी हवा सोडली. "अहो बाई, मेणबत्ती विझवायची नाहीये, घर उडवायचंय!" तो म्हणाला, आणि ती इतकी हसली की चिमटा निघून पडला. मग तिने घर उडवलं. पहिली फुंकर चांगली निघाली, तिला वाटलं होतं त्याहून चांगली. मग डॉक्टरने तिला एका रसात काहीतरी मिसळून प्यायला दिलं, अगदी थोडं, आणि पुन्हा फुंकायला लावलं. मग जरा जास्त, पुन्हा फुंकर. मग आणखी जरा जास्त. ती फुंकत राहिली, आणि एका फुंकरीला तिला ती दोरी जाणवली, ती जुनी, पिशवीच्या तोंडाची दोरी, आणि पडद्यावरची रेघ वर चढता चढता मधेच बसली. डॉक्टरने लगेच वाफेचा मुखवटा तिच्या तोंडावर बसवला. मुखवट्याच्या आत तिचे डोळे भरून आले होते. छाती आवळलेली असताना माणसाला जिंकल्यासारखं वाटावं हे कुणाला सांगून पटलं नसतं. पण शत्रूने एकदाचा चेहरा दाखवला होता, आणि तो चेहरा केळ्याचा नव्हता.

"दमा गेला असं मात्र समजू नका," श्वास जागेवर आल्यावर डॉक्टर म्हणाली. "पंप चालूच राहील. धूळ, थंडी, सर्दी, सगळं राहील. पण गंधकाची धुरी दिलेलं, ते घालून टिकवलेलं काही खायचं नाही. बाटलीतले काही रससुद्धा. वेष्टनावरचं वाचून घ्यायचं." "आणि केळं?" तिने विचारलं. डॉक्टर हसली. "केळं का सोडलंत? ताजी फळं, भाज्या खाणाऱ्यांची फुप्फुसं उलट जरा बरी राहतात असं दिसतं. काही विशिष्ट माणसाला काही विशिष्ट बाधतं, ते वेगळं. तुम्ही इतकी वर्षं खात होतात तरी काय?" "बटाटा," ती म्हणाली. दुसऱ्या सकाळी ती स्टोअरमध्ये गेलीच नाही. सरळ काचशाळेत गेली, एप्रन चढवला आणि साहेब समोरून येत असतानाच बर्नर पेटवला. "कारण कळलं," ती म्हणाली, "आणि आळाही बसला. विचारायचं असेल तर डॉक्टरांना फोन करा. फोन करायची इथे पद्धतच आहे." टायपिस्ट बाई दारात उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर अशी काही कोंडी दिसली की तिला क्षणभर कीव आली. क्षणभरच. साहेबाने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "तीन तोंडांचा चंबू राहिलाय अजून," तो म्हणाला. "प्रयोगशाळेवाले रोज विचारतात."

राहिली होती आई. संध्याकाळी तिने दही आणलं, केळी आणली, लिंबं आणली, हिरव्या पालेभाजीची एक जुडी आणली आणि सगळं जेवणाच्या टेबलावर मांडलं, आईच्या समोर, आईच्या मीठदाणीच्या शेजारी. "हे काय आणलंस?" आई म्हणाली. "जेवण," ती म्हणाली, आणि बसली, आणि सगळं सांगितलं. रस, यंत्र, रेघ, गंधक. आवाज चढवायचा नाही असं तिने ठरवलं होतं, आणि तो चढला नाही, म्हणून शब्द जास्तच धारदार निघाले. आई ऐकत होती. ऐकता ऐकता तिचा चेहरा आधी कोरा झाला, मग लहान झाला. "म्हणजे माझ्या हातचं बाधलं तुला," ती म्हणाली. "हो." "असं तोंडावर सांगतेस?" "तोंडावरच सांगते. मी पाठीमागून फोन करत नाही." आई उठली आणि पुन्हा बसली. "काल शिकून आलेत हे डॉक्टर," ती म्हणाली. "तू सहा वर्षांची होतीस तेव्हा निळी पडली होतीस. निळी! कुठे होते हे गंधकवाले? मी होते. रात्र रात्र मी बसत होते. मी काहीच केलं नसतं तर? काहीतरी करायला हवंच होतं ना कुणीतरी? मग जगलीस कशी तू? मी जगवली तुला!" "जगवलीस," ती म्हणाली. "कबूल. ते कोणी काढून घेत नाही तुझ्याकडून. पण आता मला जेवू दे. उद्यापासून माझा डबा मी भरणार." "आणि मी काय करू?" आईने विचारलं. हे भांडण नव्हतं. तिला खरोखरच माहीत नव्हतं. टेबलावरची तिची बोटं हलत होती, नसलेल्या वाटीतलं काहीतरी फाडत, लहान लहान तुकडे करत, आणि त्या बोटांकडे बघताना लेकीचा इतक्या दिवसांचा राग मधेच अडखळला. गेला नाही. जायचं काही कारणही नव्हतं. पण त्याच्या बाजूला येऊन दुसरं काहीतरी बसलं, आणि दोघांना एकाच छातीत जागा झाली.

लेकीने दह्याचं भांडं जवळ ओढलं. केळं सोललं, वाटीत कापलं, वर दही घातलं आणि खायला लागली. आई टक लावून बघत होती, तोंडात जाणाऱ्या प्रत्येक चमच्याबरोबर तिची मान किंचित हलत होती. वाटी अर्धी झाली तेव्हा आईला राहवलं नाही. ती खुर्चीमागे येऊन उभी राहिली, वाकली आणि आपला कान लेकीच्या पाठीला लावला, दोन खवाट्यांच्या मधोमध. तिचा गाल गरम होता आणि केस मानेला टोचत होते. लेक पुढे सरकू शकली असती. नाही सरकली. "घे श्वास," आई म्हणाली. तिने घेतला. "सोड." तिने सोडला. आईने कान जरा डावीकडे सरकवला, मग जरा खाली. "काही ऐकू येत नाही," ती घाबरून म्हणाली. "नाहीच येणार," लेक म्हणाली. "निरोगी पाठ अशीच असते. मुकी." आई तरीही तशीच वाकून राहिली, बराच वेळ, जणू त्या शांततेच्या मागे कुठेतरी शिट्टी लपून बसली असेल. मग ती सरळ झाली आणि खुर्चीत येऊन बसली, आणि एकदम म्हातारी दिसली. लेकीने दुसरी वाटी तिच्यापुढे सरकवली. "तू पण खा." "मी? मला कुठे..." आई म्हणाली, आणि थांबली. वाक्य पुढे नेण्यासारखं तिच्याजवळ काही नव्हतं. आणि तेव्हा लेकीच्या ध्यानात आलं, इतक्या उशिरा, की या घरात जे आलं नाही ते आईच्याही तोंडात गेलं नाही. बाबा होते तोवर दुकानात उभ्याने केळं खाऊन यायचे, ओठ पुसत. आई कुठे जायची असं खायला? लेकीसमोर नको, म्हणून कुठेच नको. दही नाही, ताक नाही, लिंबू नाही, तोच बटाटा, तेच मीठ. तिला तर कसलाच दमा नव्हता. "तुला काय आवडायचं गं, लग्नाआधी?" तिने विचारलं. आईने खूप आठवून बघितलं. "काय की," ती म्हणाली. मग तिने दह्याचा एक चमचा घेतला, अविश्वासाने, फुंकून, जणू ते तापलेलं होतं. जिभेवर फिरवला. चेहरा आक्रसला, सुटला. दुसरा घेतला. वाटी स्वतःकडे ओढली आणि लेकीकडे न बघता ठणकावून म्हणाली, "तू म्हणतेस म्हणून नाही हं खात मी. वाया जाईल म्हणून. साखर दे इकडे."